मिंट टाकलं, प्रिंटरने एकदाच छापलं आणि मग गप्प (अमळनेर)

बोरीकाठ, अमळनेर
सोमवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी. घरचा डेस्कटॉप जुना आहे, सहाव्या पिढीचा आय३ आणि ८ जीबी रॅम. विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ या मशीनवर रीतसर बसत नाही. म्हणून काल रविवारी विंडोजच्या जागी लिनक्स मिंट २२ ही मोफत प्रणाली टाकली. मशीन आधीपेक्षा हलकं चालतंय, त्याबद्दल काही तक्रार नाही. अडलंय ते बाहेरून जोडलेल्या वस्तूंवर.

पहिला प्रिंटर. पप्पांच्या दुकानाची बिलं आणि शेताचे सातबारे याच लेझर प्रिंटरवर निघतात. काल दुपारी मिंट टाकल्या टाकल्या त्याने चाचणीचं पान छापलं, अगदी स्वच्छ. संध्याकाळी लाईट गेली. लाईट आल्यापासून एकही पान नाही. छपाई पाठवली की 'पूर्ण' असं दाखवतं, पण कागद जागचा हलत नाही. प्रिंटर पाच वेळा काढून परत ॲड केला.

दुसरं, जळगावहून आणलेलं वाय-फायचं डोंगल. लावलं की सीडीचं चिन्ह येतं आणि आत विंडोजची सेटअप फाइल दिसते. वाय-फाय कुठेच नाही.

तिसरं, स्पीकरला आवाज नाही. भाऊ दहावीला आहे, त्याचे व्हिडिओ याच मशीनवर असतात.

पप्पा म्हणताहेत, विंडोज परत टाक. मला ते नकोय. सुरुवात कुठून करू?


तापीकाका, भुसावळ
सोमवार, रात्री ९.५५

ताई, विंडोज परत टाकायची काही गरज नाही. फक्त तो प्रिंटर काढून परत घालणं आधी थांबवा. दर वेळी नवी नोंद तयार होते आणि बिल नेमकं कुठल्या नोंदीवर गेलं तेच कळेनासं होतं.

आपल्याला सवय अशी लागलेली आहे की वस्तू आणली की तिची सीडी शोधायची, नाहीतर कंपनीच्या साइटवरचा सेटअप उतरवायचा. लिनक्समध्ये बहुतेक ड्रायव्हर, म्हणजे वस्तू चालवणारे छोटे प्रोग्राम, कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच, येतात. वस्तू लावली की कर्नल तिला तिचा नंबर विचारतो, आणि त्या नंबराचा ड्रायव्हर घरात असेल तर लगेच कामाला लावतो. तेव्हा काहीही इन्स्टॉल करायच्या आधी तोच नंबर आपणही विचारून घ्यायचा. अर्धं काम तिथेच होतं.

कंट्रोल, ऑल्ट आणि टी दाबून टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडा. मी आज्ञा देवनागरीत लिहितो, तुम्ही इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. पहिली आज्ञा एल-एस-यू-एस-बी, सलग, मध्ये जागा नाही. जितक्या वस्तू लावल्या असतील तितक्या ओळी येतील. प्रत्येक ओळीत 'आयडी'च्या पुढे चार अक्षरं, मग विसर्गासारखे दोन टिंब, मग आणखी चार अक्षरं. पहिली चार कंपनीची, पुढची चार त्या वस्तूची. ०३एफ० म्हणजे एचपी, ०४ए९ कॅनन, ०४बी८ एप्सन, ०बीडीए म्हणजे रिअलटेक. खोक्यावर काय छापलंय ते बाजूला ठेवा. डोंगलमध्ये तर खोक्यावरचं नाव एकाचं आणि आतली चिप दुसऱ्याची, हे रोजचंच आहे. एकाच मॉडेलच्या दोन खोक्यांत वेगवेगळ्या चिप निघालेल्या मी पाहिल्या आहेत.

दुसरी आज्ञा: सुडो, जागा, डी-एम-ई-एस-जी, जागा, वजाचं चिन्ह आणि लगेच डब्ल्यू. सुडो म्हणजे मालकाच्या हक्काने आज्ञा चालवणं, म्हणून पासवर्ड मागेल. टाइप करताना पडद्यावर काहीच उमटणार नाही, घाबरू नका, पूर्ण टाइप करून एंटर मारा. आता ही खिडकी उघडी ठेवून प्रिंटरची वायर काढा आणि पाच सेकंदांनी परत लावा. त्या क्षणी ज्या ओळी खाली सरकतील त्या इथे टाका. कर्नल काय म्हणतोय ते त्यात दिसतं.

आणि एक सांगा. रविवारी विंडोज बंद करून मिंट टाकून पहिलं पान छापेपर्यंत, या सगळ्या वेळात प्रिंटरचं बटण एकदा तरी बंद केलं होतं का?


धुळेकर७
सोमवार, रात्री १०.०५

आवाजाचं मी सांगतो, तोवर काका प्रिंटर बघतील. टर्मिनलमध्ये ए-एल-एस-ए-मिक्सर टाका. उभ्या पट्ट्या दिसतील. ज्या पट्टीखाली 'एमएम' लिहिलंय ती मुकी आहे. बाणाने तिच्यावर जा, एम दाबा, तिथे 'ओओ' होईल. मग वरच्या बाणाने पट्टी वाढवा. पट्ट्याच कमी दिसल्या तर एफ६ दाबून दुसरं साउंड कार्ड निवडा. मॉनिटर एचडीएमआयने जोडलेला असेल तर बऱ्याचदा आवाज मॉनिटरकडे जात असतो आणि त्या मॉनिटरला स्पीकरच नसतात.


बोरीकाठ, अमळनेर
सोमवार, रात्री १०.४०

धुळेकर दादा, तसंच होतं. आवाज एचडीएमआयकडे जात होता. साउंड सेटिंगमध्ये आउटपुट बदललं आणि आला. एक काम झालं, आभार.

काका, प्रिंटर बंद केला नव्हता. रविवारी सकाळी विंडोजमधूनच पप्पांनी चार बिलं काढली होती, तेव्हापासून तो चालूच होता. मी पेन ड्राइव्हवरून मिंट टाकलं, पान छापलं, सगळं एका बैठकीत. लाईट साडेसहाला गेली, साडेआठला आली.

एलएसयूएसबीमध्ये प्रिंटरची ओळ दिसते, मॉडेलच्या नावासकट. वायर काढून लावली तेव्हा 'न्यू यूएसबी डिव्हाइस फाउंड' असं आलं आणि शेवटी 'यूएसबीएलपी०'. एररची ओळ एकही नाही.


तापीकाका, भुसावळ
सोमवार, रात्री ११.२०

मग उत्तर सापडलं. रविवारी दुपारी जे पान छापलं गेलं ते विंडोजच्या पुण्याईवर छापलं गेलं. सांगतो कसं.

प्रिंटरच्या आत त्याचा स्वतःचा एक छोटा प्रोग्राम लागतो, फर्मवेअर म्हणतात त्याला. बऱ्याच प्रिंटरांत तो आतल्या चिपमध्ये कायमचा लिहिलेला असतो. काही लहान लेझर प्रिंटरांची रचना वेगळी आहे. प्रिंटर चालू झाला की संगणकाने फर्मवेअर यूएसबीवरून पाठवायचं, प्रिंटरने ते आपल्या तात्पुरत्या मेमरीत ठेवायचं आणि बटण बंद होईपर्यंत त्यावर चालायचं. आपल्याकडे झेरॉक्सच्या दुकानांत आणि ऑफिसांत वर्षानुवर्षं दिसणारा एचपी लेझरजेट १०२० याच पद्धतीचा आहे. त्याचा आयडी ०३एफ०:२बी१७. प्रिंटर दणकट, टोनर कुठेही मिळतो, फक्त चालू झाल्यावर त्याला हा घास भरवावा लागतो.

तुमच्याकडे सकाळी विंडोजने तो घास भरवला. प्रिंटर बंद झालाच नाही. मिंट आलं तेव्हा फर्मवेअर आतच होतं, म्हणून पान निघालं. साडेसहाला लाईट गेली, मेमरी पुसली गेली. आता मिंट पानं पाठवतंय पण घ्यायला आत कोणी नाही. आणि 'पूर्ण' का दाखवतं? छपाई सांभाळणारी कप्स ही यंत्रणा माल वायरीवरून पुढे सरकवला की आपलं काम संपलं असं धरते. कागद बाहेर आला की नाही, हे असा प्रिंटर तिला सांगत नाही.

हे फर्मवेअर मुक्त सॉफ्टवेअर नाही, त्यामुळे मिंटसोबत येत नाही. ते वेगळं मागवावं लागतं. एचपीच्या प्रिंटरांसाठीची एचपीलिप ही मुक्त प्रणाली मिंटमध्ये आधीच बसवलेली असते, तिला फक्त तेवढं प्लगइन उतरवून द्यायचं. आज्ञा: एचपी, वजा, प्लगइन, सलग. सुडो लावू नका, लागेल तेव्हा ती स्वतः पासवर्ड मागते. परवान्याचं पान येईल, मान्य करा. त्यानंतर एचपी-सेटअप ही आज्ञा देऊन यूएसबी निवडा आणि नवी नोंद करा. जुन्या पाचही नोंदी आधी काढून टाका. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, दोन टिंब, ६३१ टाकलं की कप्सचं पान उघडतं, तिथून काढणं सोपं.

एक लक्षात ठेवा, प्लगइन आणि एचपीलिप दोन्हींची आवृत्ती एकच लागते. पुढे कधी मोठ्या अपडेटनंतर प्रिंटर परत मुका झाला तर आधी हीच आज्ञा पुन्हा चालवा.

इंटरनेट लागेल, आणि तुमचं डोंगल तर चालत नाही. अँड्रॉइड मोबाइल डेटा केबलने लावा, मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला यासाठी काहीही टाकावं लागत नाही, दहा सेकंदांत वायर्ड नेट आल्यासारखं दिसतं. नवीन मशीन मांडताना मी पहिलं हेच करतो. चार्जिंगपुरती केबल चालणार नाही, डेटाची हवी.


पारोळेकर
मंगळवार, सकाळी ७.३०

ताई, मन्हा घर बी हाईच व्हयनं व्हतं. मी तर नवा टोनर आणून घातला होता, दुकानदाराने ड्रम बदलायला सांगितला. काका, हे आधी वाचलं असतं तर पैसे वाचले असते.


बोरीकाठ, अमळनेर
मंगळवार, रात्री ८.१५

छापलं!

पप्पांच्या मोबाइलचं टेदरिंग घेतलं, प्लगइन उतरलं, एचपी-सेटअप केलं. नोंद पूर्ण होताच प्रिंटरचे दोन्ही दिवे एकदम लागले आणि आतलं चाक फिरल्याचा आवाज आला. रविवारपासून तो आवाजच ऐकला नव्हता. पप्पा दुसऱ्या खोलीतून उठून आले. चाचणीचं पान निघालं, मग त्यांनी बटण बंद केलं, दोन मिनिटं थांबले, परत चालू केलं. पुन्हा तोच आवाज, पुन्हा पान. तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला.

आता डोंगल. एलएसयूएसबीमध्ये त्याचा आयडी ०बीडीए:१ए२बी दिसतोय.


तापीकाका, भुसावळ
मंगळवार, रात्री ९.००

पप्पांनी केली तीच खरी चाचणी. चालू मशीनवर एक पान निघालं म्हणून काम झालं असं समजायचं नसतं, लाईट जाऊन आल्यावर निघालं पाहिजे.

०बीडीए:१ए२बी हा डोंगलचा खरा चेहरा नव्हे. विंडोजवाल्यांना सीडी लागू नये म्हणून या डोंगलच्या पोटात एक लहानशी सीडी बसवलेली असते. लावलं की ते आधी सीडी म्हणून उभं राहतं, विंडोजचा ड्रायव्हर बसला की तो त्याला वाय-फायमध्ये पालटतो. लिनक्समध्ये हे पालटायचं काम यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्राम करतो. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये तो आहे का पाहा, नसेल तर टेदरिंगवर टाका आणि डोंगल काढून परत लावा.

त्याच्याही आधी एक सोपा प्रयोग करा. फाइल मॅनेजरमध्ये ते सीडीचं चिन्ह दिसतं, त्यावर उजवं क्लिक करून 'इजेक्ट' करा. डोंगल हाताने काढू नका. पाच सेकंद थांबून परत एलएसयूएसबी करा. आयडीची पुढची चार अक्षरं बदललेली दिसली तर ती इथे सांगा.


बोरीकाठ, अमळनेर
मंगळवार, रात्री ९.२०

इजेक्ट केलं. आता ०बीडीए:सी८११ दिसतंय आणि वरच्या कोपऱ्यात वाय-फायची यादी आली! शेजाऱ्यांचीही नावं दिसताहेत. काहीच टाकलं नाही मी.


तापीकाका, भुसावळ
मंगळवार, रात्री ९.३५

सी८११ म्हणजे आत ८८२१सीयू घराण्यातली चिप आहे. कर्नल ६.२ पासून तिचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आलाय आणि मिंट २२ चा कर्नल ६.८ आहे, म्हणून काही टाकावं लागलं नाही. यासाठी इंटरनेटवर शोधलं असतं तर जुन्या लेखांनी तुम्हाला कुठूनतरी सोर्स कोड उतरवून स्वतः ड्रायव्हर बांधायला लावला असता. ते लेख त्या काळी बरोबर होते. पण जुना लेख वाचताना आपला कर्नल किती आहे ते आधी पाहायचं. आज्ञा: यूनेम, जागा, वजा आर.

मोडस्विच मात्र टाकून ठेवा, म्हणजे दर वेळी हाताने इजेक्ट करावं लागणार नाही.


मास्तरीण_शहादा
बुधवार, दुपारी १.४५

माझा प्रश्न याच धाग्यात विचारते. लॅपटॉपच्या आतल्या वाय-फाय कार्डाला वेगळा ड्रायव्हर लागतो. मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमधून टाकला. त्याने मध्येच एक पासवर्ड ठरवायला सांगितला, ठरवला. रीस्टार्ट केल्यावर निळ्या रंगाचा पडदा आला, मला वाटलं काहीतरी बिघडलं, म्हणून पहिलाच पर्याय निवडून पुढे गेले. लॅपटॉप चालू झाला पण वाय-फाय नाही. ड्रायव्हर मॅनेजर म्हणतो की ड्रायव्हर बसलेला आहे. शाळेत मुलांना दाखवायचे व्हिडिओ घरून उतरवून न्यावे लागतात, त्यामुळे नेट हवंच आहे.


धुळेकर७
बुधवार, संध्याकाळी ६.३०

ताई, बिघडलं काही नाही. तो निळा पडदाच सगळ्यात महत्त्वाचा होता. तुमच्या लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूट चालू आहे. सही नसलेला ड्रायव्हर कर्नलमध्ये शिरू द्यायचा नाही असा त्याचा नियम. कर्नलमधले ड्रायव्हर सही झालेलेच येतात. तुमचा ड्रायव्हर तुमच्याच मशीनवर बांधला गेला, त्यामुळे त्यावर तुमच्या मशीनची सही. ती सही मान्य आहे असं मशीनला एकदा समोर बसून सांगावं लागतं, लांबून कुणाला ते करता येऊ नये म्हणून.

परत करायचं असं. सुडो मोकयूटिल, मग दोन वजा आणि इम्पोर्ट, मग ज्या किल्लीने ही सही होते तिच्या फाइलचा पत्ता. तो मिंटमध्ये व्हार, लिब, शिम-साइन्ड, मोक या फोल्डरांच्या आत मोक डॉट डीईआर असा असतो. फाइलच्या नावातलं मोक मोठ्या अक्षरांत, फोल्डरचं लहान. नवा पासवर्ड ठरवा, साधा, आकड्यांचा ठेवा, कारण त्या निळ्या पडद्यावर कीबोर्ड अमेरिकन मांडणीचाच असतो. रीस्टार्ट करा. निळा पडदा आला की दहा सेकंदांच्या आत कुठलीही कळ दाबा, नाहीतर तो आपोआप पुढे जातो. मग 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, आणि रीबूट. पुन्हा कधी लागणार नाही.

झाल्यावर एलएसपीसीआय, जागा, वजा एन-एन-के ही आज्ञा द्या. आतल्या कार्डांची ही एलएसयूएसबी. तुमच्या वाय-फायच्या ओळीखाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' दिसलं की झालं.


मास्तरीण_शहादा
बुधवार, रात्री ९.५०

झालं दादा. दहा सेकंदांचं सांगितलंत म्हणून बरं, बोट कीबोर्डवर ठेवूनच बसले होते. पुढच्या कर्नल अपडेटला परत असंच होईल का?


तापीकाका, भुसावळ
बुधवार, रात्री १०.१०

नाही. ड्रायव्हर मॅनेजरमधून घेतलेला असा ड्रायव्हर डीकेएमएस नावाच्या व्यवस्थेत नोंदवला जातो. नवा कर्नल आला की ती त्याच्यासाठी ड्रायव्हर परत बांधते आणि त्याच किल्लीने सही करते. आपल्या हाताने सोर्स बांधून टाकलेल्या ड्रायव्हरचं तसं नसतं, तो दर कर्नलला हरवतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी कर्नलमधला, नाही तर ड्रायव्हर मॅनेजरमधला, आणि अगदीच इलाज नाही तेव्हा बाहेरचा.


केळीबाग_सावदा
गुरुवार, रात्री ८.४०

काका, माझी वस्तू जरा वेगळी आहे. घरी मिंट २१ आहे. कापणीच्या दिवशी माल जातो त्याचं वजन आपल्याकडेही असावं म्हणून इलेक्ट्रॉनिक काटा घेतला, त्याला मागे सिरीयल पोर्ट आहे. यूएसबीचा कन्व्हर्टर लावून ते वजन थेट संगणकात घ्यायचंय. पुतण्याने पायथॉनमध्ये दहा ओळींचा प्रोग्राम लिहून दिलाय. त्याच्या लॅपटॉपवर चालतो, माझ्याकडे पोर्टच दिसत नाही. एलएसयूएसबीमध्ये १ए८६:७५२३ आहे.

डीएमईएसजीमध्ये आधी येतं की कन्व्हर्टर टीटीवाय-यूएसबी० ला जोडला. दुसऱ्याच सेकंदाला 'बीआरएलटीटीवाय' असं काहीतरी, आणि मग डिस्कनेक्टेड.


तापीकाका, भुसावळ
गुरुवार, रात्री ९.२५

केळीबाग भाऊ, ओळी नीट टिपल्यात म्हणून लगेच सांगता येतंय.

१ए८६:७५२३ म्हणजे सीएच३४० चिप. अंध व्यक्तींसाठी ब्रेल अक्षरं बोटाखाली उमटवणारं यंत्र असतं, ते चालवणारा प्रोग्राम म्हणजे बीआरएलटीटीवाय. अशा एका यंत्रात हीच चिप असते, त्यामुळे हा आयडी त्या प्रोग्रामच्या यादीत होता. उबुंटू २२.०४ मध्ये, आणि म्हणून त्यावर उभ्या असलेल्या मिंट २१ मध्ये, तो प्रोग्राम तुमच्या काट्याला ब्रेलचं यंत्र समजून ताब्यात घेतो. घरात कुणी ब्रेलचं यंत्र वापरत नसेल तर बीआरएलटीटीवाय काढून टाका, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून निघतो. कुणी वापरत असेल तर काढू नका, त्याचा तेवढा एक नियम बंद करता येतो, तसं सांगा.

पोर्ट दिसलं की पुढची अडचण येईल, 'परमिशन डिनाइड'. सिरीयल पोर्ट वापरायला तुमचं खातं डायलआउट या गटात हवं. मोडेमने फोन लावायच्या काळातलं नाव आहे, अजून तेच चालतं. सुडो ॲडयूजर, मग तुमचं युजरनाव, मग डायलआउट. त्यानंतर लॉगआउट करून परत लॉगिन करा. हे न केल्यामुळे लोक तासन्‌तास अडकतात, गट बदलला तरी चालू लॉगिनला तो कळत नाही.

काट्याच्या पुस्तकात बॉड रेट, म्हणजे आकडे पाठवायचा वेग, दिलेला असेल, बहुधा ९६००. प्रोग्राममध्ये तोच हवा. चुकला तर वजनाऐवजी चित्रविचित्र चिन्हं येतात.


केळीबाग_सावदा
शुक्रवार, दुपारी १२.१०

चालू झालं काका. ९६०० च आहे. काट्यावर घड ठेवला की ओळ येते: एसटी,जीएस,+००२४.६० केजी. घड हलत असताना सुरुवातीला 'एसटी'च्या जागी 'यूएस' येतं, स्थिर झाला की एसटी. पुतण्याला सांगून फक्त एसटीच्या ओळी वहीत घ्यायला लावल्या, नाहीतर एका घडाची सात वजनं नोंदली जात होती.

आता एकच राहिलं. काटा आणि यूएसबी हब बाहेरच्या लाइनवर आहेत, संगणक यूपीएसवर. लाईट जाऊन आली की काटा यूएसबी० चा यूएसबी१ होतो आणि प्रोग्राम म्हणतो पोर्ट नाही. दर वेळी आकडा बदलावा लागतो. कापणीच्या गडबडीत हे जमत नाही.


तापीकाका, भुसावळ
शुक्रवार, संध्याकाळी ७.००

जुना पोर्ट प्रोग्रामने धरून ठेवलेला असतो, तो सुटायच्या आत काटा परत आला की कर्नल त्याला पुढचा आकडा देतो. यावर उपाय म्हणजे काट्याला कायमचं नाव द्यायचं. यूडेव्ह नावाची व्यवस्था आहे, ती आयडी पाहून नाव देते.

ईटीसी, यूडेव्ह, रूल्स डॉट डी या फोल्डरात ९९-काटा डॉट रूल्स अशी फाइल करा, नाव अर्थात इंग्रजी अक्षरांत. आत एकच ओळ, तिचे चार भाग स्वल्पविरामाने तोडलेले. सबसिस्टम टीटीवाय. आयडीव्हेंडर (सलग, व्ही मोठा) १ए८६. आयडीप्रॉडक्ट (सलग, पी मोठा) ७५२३. सिमलिंक काटा. पहिल्या तीन भागांत बरोबरचं चिन्ह दोनदा, कारण ती जुळवणी आहे. सिमलिंकला अधिक आणि बरोबर, कारण आपण नाव जोडतोय. सबसिस्टम आणि सिमलिंक मोठ्या अक्षरांत. मधल्या दोन भागांच्या आधी एटीटीआरएस मोठ्या अक्षरांत आणि आयडी महिरपी कंसात. प्रत्येक किंमत अवतरणचिन्हांत. मग सुडो यूडेव्हएडीएम कंट्रोल, जागा, दोन वजा आणि रीलोड. वायर काढून लावा. आता डेव्ह फोल्डरात 'काटा' दिसेल. मागे आकडा शून्य असो नाहीतर एक, पुतण्याच्या प्रोग्रामने काटाच उघडायचा.

प्रोग्रामला एवढं शिकवा की वाचताना चूक आली तर पोर्ट बंद करायचं, दोन सेकंद थांबायचं आणि परत उघडायचं. नावाने एवढंच होतं की दार कुठलं ते कळतं, उघडायचं काम प्रोग्रामचंच.

पुढेमागे असाच दुसरा कन्व्हर्टर घेतलात तर हा नियम पुरणार नाही. सीएच३४० ला बहुधा सिरीयल नंबर नसतो, दोन्ही सारखेच दिसतात. तेव्हा डेव्ह, सिरीयल, बाय-पाथ या फोल्डरातली नावं वापरा. ती यूएसबीच्या भोकावरून ठरतात, मग कुठला कन्व्हर्टर कुठल्या भोकात ते ठरवून ठेवायचं आणि मोडायचं नाही.


धुळेकर७
शुक्रवार, रात्री ९.१५

यूपीएसचा विषय निघालाच आहे तर सांगतो. ज्यांच्या यूपीएसला मागे यूएसबी पोर्ट आहे त्यांनी ती वायर लावून पाहा. कमी किमतीच्या बऱ्याच यूपीएसमध्ये आयडी ०६६५:५१६१ निघतो. नट नावाचं पॅकेज टाकून त्याच्या सेटिंगमध्ये नटडीआरव्ही, अंडरस्कोर, क्यूएक्स (सलग) हा ड्रायव्हर दिला की लिनक्स त्या यूपीएसशी बोलायला लागतं. यूपीएससी या आज्ञेने स्थिती वाचता येते. ओएल म्हणजे लाइनवर, ओबी म्हणजे बॅटरीवर, त्याला एलबी जोडलं गेलं की बॅटरी संपत आली. तेव्हा मशीन स्वतःहून नीट बंद होतं. माझ्याकडे उन्हाळ्यात दिवसातून दोनदा लाईट जायची, हार्ड डिस्क एकदा त्यात गेली. त्यानंतर हे केलं.

बॅटरी किती टक्के उरली ते अशा यूपीएसचा आकडा बरोबर सांगत नाही, त्याचे व्होल्ट सेटिंगमध्ये भरावे लागतात. ते भरल्याशिवाय भरवसा ठेवू नका.


बोरीकाठ, अमळनेर
शनिवार, सकाळी १०.३०

आमच्याकडे आता प्रिंटर, वाय-फाय, आवाज, सगळं चालतंय. वेबकॅम लावला, त्याला काही करावंच लागलं नाही. काकांनी सांगितलं तसं सगळ्या वस्तूंचे आयडी मी एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत, समोर कुठली आज्ञा चालली तेही.

एक राहिलं. भावाच्या लॅपटॉपवर बोटाच्या ठशाने लॉगिन होत नाही. सेटिंगमध्ये पर्यायच दिसत नाही.


तापीकाका, भुसावळ
शनिवार, सकाळी ११.१५

त्याचा आयडी एलएसयूएसबीत पाहा आणि लिबएफप्रिंट या प्रकल्पाच्या साइटवर चालणाऱ्या वाचकांची यादी आहे तिच्याशी ताडून पाहा. यादीत असेल तर एफप्रिंटडी हा प्रोग्राम टाकून चालेल. नसेल तर त्यावर वेळ घालवू नका, पासवर्डवर चालवा. ठशाच्या बऱ्याच चिपांचा ड्रायव्हर लिनक्ससाठी अजून कुणी लिहिलेला नाही. नवा लॅपटॉप घेताना मात्र हा आयडी दुकानातच पाहता येतो. मिंटचा पेन ड्राइव्ह सोबत न्या, इन्स्टॉल न करता तसाच चालवा, पाच मिनिटांत वाय-फाय, आवाज, ठसा, सगळं तपासून होतं. दुकानदाराला आधी विचारून घ्या, बहुतेक जण हो म्हणतात.


केळीबाग_सावदा
रविवार, रात्री ९.४०

काका, आज कापणी होती. सकाळी नऊला एकदा आणि दुपारी दोनला एकदा लाईट गेली. दोन्ही वेळा आकडा बदलला असणार, पण कुणाला पाहायची गरजच पडली नाही. प्रोग्रामने दोन सेकंदांनी काटा परत उघडला आणि पुढची ओळ आली. दिवसभराचं वजन वहीत आहे आणि फाइलमध्येही आहे, दोन्ही जुळतात.


तापीकाका, भुसावळ
रविवार, रात्री १०.०५

फार बरं वाटलं. ती ९९-काटाची फाइल आणि पुतण्याचा प्रोग्राम, दोन्हींची एक प्रत आजच पेन ड्राइव्हवर काढून ठेवा. मिंट २१ वरून २२ वर जाताना तुम्ही डिस्क पुसून नवं टाकलंत तर ती फाइल जाईल, आणि ते काम कापणीच्या आदल्या दिवशी काढू नका.